अस्तंब्याला नवख्यांना नेताना

धनत्रयोदशीच्या रात्री चंद्राचा आधार नसतो. अमावस्या दोन दिवसांवर आलेली असते आणि चंद्राची बारीक कोर उगवते ती पहाटे, उजाडायच्या जरा आधी. सातपुड्यातली अस्तंब्याची यात्रा नेमकी या रात्री चढायची असते. जो पहिल्यांदा येणार आहे, त्याला मी ही गोष्ट सगळ्यात आधी सांगतो. पोरं मान हलवतात, पण गावातल्या खांबावरच्या दिव्यांत वाढलेल्या पोराला खरा काळोख कसा असतो ते ऐकून कळत नाही. वाटेवरचं कोठार गाव मागे पडलं, शेवटच्या घराचा दिवा झाडीआड गेला, की मग त्याचं बोलणं आपोआप कमी होतं.

मी धानोरा भागात आरोग्यसेवक म्हणून नोकरी केली. हे धानोरा नंदुरबार तालुक्यातलं, तापीच्या दक्षिणेला. अस्तंबा तापीपलीकडे, अक्राणी म्हणजे धडगाव तालुक्यात, १३२५ मीटर उंचीचा. हातोड्याच्या पुलावरून तापी ओलांडायची, तळोदा गाठायचं आणि तिथून पायी निघायचं, हा आमचा रस्ता. दर दिवाळीला आसपासच्या गावांतली पाच-सात नवी पोरं तयार व्हायची. त्यांच्या घरचे मला म्हणायचे, "भाऊ, तुम्ही सोबत असाल तरच पाठवतो." घरोघरी औषधं पोचवणाऱ्या माणसावर टाकलेला हा विश्वास होता. तो सांभाळता सांभाळता हे काम माझ्या नोकरीला जोडलं गेलं, आणि नोकरी सुटल्यावरही सुटलं नाही.

इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालं आहे. नवख्या माणसाला अस्तंबा चढवणं फारसं अवघड नाही. चढताना त्याच्याजवळ उत्साह असतो, पुढेमागे हजारो माणसं असतात, अश्वत्थामा ऋषीचा जयघोष असतो. त्याला उतरवणं आणि धडधाकट घरी पोचवणं हे खरं काम. म्हणून आमची सगळी तयारी उलट बाजूने, म्हणजे परतीपासून सुरू होते.

तळोद्याहून कोठार, देवनदी, असली, नकट्यादेव, जुना अस्तंबा, भीमकुंड आणि मग शिखर अशी ही पायवाट. टप्प्यांची नावं मी पोरांकडून पाठ करून घेतो. रात्री माणूस घाबरतो तो बहुतेक वेळा आपण कुठे आहोत हे न कळल्यामुळे. "आप्पा, आखो कितलं दूर शे?" हा प्रश्न तासाभरात दहादा येतो. त्याला "आलंच आता" असं उत्तर कधी द्यायचं नाही. खोटा दिलासा दोन वळणांनंतर उघडा पडतो आणि त्यानंतर पोरगा तुमचं काहीच ऐकत नाही. "असली गेलं, आता नकट्यादेव येईल, तिथं बसू" असं सांगितलं की तो तेवढ्यापुरते पाय उचलतो.

यात्रेची कथा इथल्या लहान मुलालाही ठाऊक असते. द्रोणाचार्यांचा मुलगा अश्वत्थामा. महाभारताच्या सौप्तिक पर्वात तो रात्री झोपलेल्या छावणीत शिरतो आणि द्रौपदीच्या पाचही मुलांना मारतो. त्याच्या कपाळावरचा मणी काढून घेतला जातो आणि तीन हजार वर्षं एकट्याने भटकण्याचा शाप त्याला मिळतो. आमच्याकडे लोक मानतात की तो याच डोंगरात आहे. भळभळत्या जखमेसाठी तो तेल मागतो, आणि यात्रेत कुणी वाट चुकला तर त्याला वाटेवर आणून सोडतो. ज्याने रात्रीच्या काळोखात झोपलेल्यांचा घात केला, त्याच्यावर रात्री चुकलेल्यांना वाट दाखवायचं काम लोकांनी सोपवलं आहे. ही कल्पना मला फार मोठी वाटते. भिल्ल आणि पावरा समाजातली म्हातारी माणसं त्याला ऋषी म्हणतात, आणि बोलताना त्यांच्या आवाजात भीतीपेक्षा जिव्हाळाच जास्त असतो.

सुरुवातीला मी जयघोष हा फक्त भक्तीचा भाग समजत होतो. एका वर्षी असलीच्या पुढे आमच्याबरोबर एका पाड्यावरचे आजोबा चालत होते. त्यांच्या जत्थ्यात पुढचा माणूस ऋषीचं नाव घ्यायचा, मधले घ्यायचे आणि शेवटी सगळ्यात मागचा घ्यायचा. एकदा मागून आवाज आला नाही. आजोबा जागीच थांबले. कुणी "थांबा" म्हणालं नाही, तरी सगळा जत्था थांबला. मागचा माणूस चपलेचा बंद तुटला म्हणून खाली बसला होता. तेव्हापासून आमच्यातही तसंच चालतं. सगळ्यात अनुभवी माणूस शेवटी राहतो आणि त्याचा आवाज पुढे पोचला नाही तर पुढच्याने पाऊल टाकायचं नाही. डोंगरात मोबाइलला रेंज मिळेलच याचा भरवसा नसतो. ही हाक मात्र कुठेही चालते.

उजेडासाठीही मोबाइलवर भरवसा ठेवायचा नाही. नवखी पोरं मोबाइलचा दिवा लावून निघतात, मध्यरात्रीपर्यंत बॅटरी संपते, आणि पहाटेच्या अवघड चढाला हातात काही उरत नाही. शिवाय हातात मोबाइल असला की तो हात आधाराला मोकळा राहत नाही. कपाळाला बांधायची विजेरी आता तालुक्याच्या बाजारातही मिळते. ती आणायची आणि उजेड पायाशी ठेवायचा. समोरच्याच्या तोंडावर झोत मारला की त्याचे काळोखाला सरावलेले डोळे पुन्हा सरावायला वीस-पंचवीस मिनिटं घेतात, आणि तेवढा वेळ तो दगडधोंड्यांतून जवळजवळ आंधळा चालतो.

एक पोरगा मला नेहमी आठवतो. पोलीस भरतीची तयारी करत होता. भरतीला सोळाशे मीटर धावायचं असतं आणि तो रोज पहाटे डांबरी रस्त्यावर धावायचा. अंग काटक होतं, छाती भरदार होती. देवनदीपासून तो पुढेच होता. बाकीचे बसले की हा उभा राहायचा, मागच्यांना हाका मारायचा. शिखरावर आमच्या आधी पोचला. तिथे मोठं देऊळ वगैरे नाही, शेंदराचा दगड, ध्वज, नारळ, तेल आणि चारी बाजूंनी उतरत गेलेला सातपुडा, इतकंच. तो तिथे नाचला. उतरायला लागल्यावर तासाभरात त्याच्या मांड्या थरथरू लागल्या. नकट्यादेवाच्या अलीकडे त्याचे गुडघे त्याचं वजन पेलेनात. दर दहा पावलांवर तो बसायचा आणि उठताना त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. आमच्यात एक ऊसतोडीला जाणारा माणूस होता, अंगाने अगदी वाळका. रात्रभर तो मधोमध, एकाच चालीने चालला होता. त्याने काही न बोलता त्या पोराची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली, त्याचा हात धरला आणि त्याला आडवा, तिरपा, छोट्या पावलांनी उतरायला शिकवलं.

चढताना धाप लागते आणि माणूस आपोआप थांबतो. उतरताना धाप लागत नाही, त्यामुळे थांबावंसं वाटत नाही. पण प्रत्येक पावलाला मांडीचा स्नायू ताणला जात असताना शरीराचा सगळा भार धरून ठेवतो. सपाटीवर धावणाऱ्याला त्याची सवय नसते. म्हणून महिनाभर आधी मी पोरांना धावायला सांगत नाही. पाण्याच्या टाकीच्या नाहीतर शाळेच्या गच्चीच्या पायऱ्या चढायला आणि मुख्य म्हणजे सावकाश उतरायला सांगतो. पायाची नखं आदल्या दिवशी कापून घेतो. उतारावर बोटं बुटाच्या टोकाला आपटतात आणि वाढलेलं नख काळं पडतं. नवे बूट घालून आलेल्याला मी गावातूनच परत पाठवतो आणि जुने घालून ये म्हणतो.

खाण्याचं सांगायचं तर दिवाळी असल्यामुळे घरून चकल्या, शेव, करंज्या येतात. आईने प्रेमाने दिलेलं असतं, नाही म्हणवत नाही. पण तेलकट-गोड खाल्लं की तहान दुप्पट लागते. देवनदीच्या पाण्याच्या पुढे जसजसं वर जाऊ तसतसं पाण्याचा भरवसा कमी होतो. त्यामुळे फराळ परतीला ठेवायचा आणि रात्री दशमी, शेंगदाण्याची चटणी, दाळ्या, गूळ एवढंच खायचं. जलसंजीवनीची पुडी एक लिटर पाण्यात एक, अंदाजाने नाही. ही गोष्ट गावात अतिसाराच्या साथीत मी घरोघरी सांगितली होती, तीच डोंगरावर सांगतो. तहान लागायची वाट न पाहता दर अर्ध्या तासाने चार घोट.

पाण्याबाबत मी इतका कडक का झालो, त्यामागे एक पोरगा आहे. सिकलसेल हा आजार नंदुरबार जिल्ह्याच्या आदिवासी घरांत किती पसरलेला आहे हे इथे काम केलेल्या कुणालाही विचारा. यात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक वाहिन्यांत अडकतात आणि माणूस वेदनेने अक्षरशः लोळतो. आईवडील दोघांकडून दोष आला तर मूल रुग्ण, एकाकडून आला तर वाहक. रुग्णाला लाल कार्ड, वाहकाला पिवळं. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी २०४७ पर्यंत हा आजार संपवण्याची मोहीम सुरू केली. त्याच्या कितीतरी आधीपासून आम्ही गावोगाव बोटाला सुई टोचून तपासण्या करत होतो.

तर एका दिवाळीला लाल कार्डाचा एक पोरगा माझ्याकडे आला. दहावी झालेला, शांत. म्हणाला, "दादा, माझ्या बरोबरीचे सगळे जाऊन आले. मी एकदा तरी जाणार." कमी पाणी, अति श्रम, थंडी, जागरण या चारही गोष्टी सिकलसेलच्या वेदना उठवतात, आणि अस्तंब्याची रात्र म्हणजे या चारही गोष्टी एकत्र. नाही म्हणणं माझ्या पेशाने सोपं होतं. पण मी त्याला लहानपणापासून पाहत आलो होतो. लग्नात नाचू नको, विहिरीत पोहू नको, शेतात राबू नको, असं ऐकतच तो वाढला होता. आणखी एक नको ऐकवायला माझी जीभ वळेना.

आम्ही दोघं त्याच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी शिखर स्पष्टपणे नाकारलं, गोळ्या चुकवायच्या नाहीत असं बजावलं, आणि दिवसाउजेडी, गरम कपड्यांत, पाणी पीत थोडंसं चालायला हरकत नाही असं म्हणाले. मग त्याच्यासाठी आम्ही वेगळी यात्रा ठरवली. आदल्या रात्री तळोद्यात पूर्ण झोप, सकाळी गाडीने पायथ्यापर्यंत, तिथून रमतगमत थोडी चाल, आणि मुक्काम पायथ्याच्या एका ओळखीच्या घरी. त्या घरच्या मावशींनी त्याला चुलीजवळ जागा दिली. सकाळी आम्ही वरून उतरून आलो तेव्हा तो त्यांच्या अंगणात कोऱ्या चहाची किटली घेऊन आमच्या लोकांना चहा देत होता. त्याच्याकडचं तेल आम्ही वर नेऊन वाहिलं होतं. त्या घरी तो पुढेही जात राहिला. दिवाळीच्या सुमाराला त्या डोंगरांत सीताफळं पिकतात, त्यांची टोपली भरून आणायचा.

त्या दिवसापासून निघण्याआधी मी प्रत्येकाला कार्डाचं विचारतो, एकेकट्याला बाजूला घेऊन. पिवळं कार्ड असलेल्याला रोजच्या जगण्यात बहुधा काहीच त्रास नसतो, पण अति श्रम आणि पाण्याची कमतरता एकत्र आली तर त्यालाही धोका होऊ शकतो. म्हणून त्याने जत्थ्याच्या मध्ये चालायचं, शर्यत लावायची नाही, छातीत किंवा पायात वेगळंच दुखू लागलं तर लाज न बाळगता सांगायचं. चारचौघांत विचारलं तर पोरं कार्ड लपवतात. लग्न जुळणार नाही ही भीती असते.

इथे जंगलाबद्दलही सांगायला हवं. शहरातून येणारे लोक घनदाट अरण्याच्या कल्पनेने येतात. साग, सालई, मोह, तेंदू, बांबू आहेत, पण मोठे डोंगर उघडेही पडले आहेत. वाटेच्या दोन्ही बाजूंना उतारावर लोकांची शेतं आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर कित्येकांना वर्षानुवर्षं कसत आलेल्या जमिनीचे दावे करता आले. यात्रेच्या दिवसांत तिथे ज्वारी, तूर उभी असते. काळोखात वाट सोडून आडवं घुसणारा जत्था एका कुटुंबाचं वर्षभराचं खाणं तुडवून जातो. पावसाळ्यात वाढलेलं गवतही तोवर वाळायला लागलेलं असतं. फटाके, सिगारेटचं थोटूक, थंडी वाजते म्हणून कुठेही पेटवलेली शेकोटी, यातलं काहीच मी चालू देत नाही. शेकोटी हवी असेल तर पाड्यावरच्या माणसाला विचारायचं, तो दाखवेल त्या जागी पेटवायची आणि माती टाकून विझवल्याशिवाय उठायचं नाही. प्लास्टिकच्या बाटल्यांचा खच मात्र दर वर्षी वाढतो आहे, आणि ते पाहून जीव तुटतो.

पहाटे दोन ते पाच ही वेळ सगळ्यांत वाईट. या वेळात शरीर झोप मागतंच. पोरं चालता चालता डुलक्या घेतात, बसली की आडवी होतात. एकदा आमचा एक पोरगा असाच वाटेकडेला टेकला, डोळा लागला, जागा झाला तो दुसऱ्याच जत्थ्याबरोबर चालू लागला. विजेऱ्यांच्या उजेडात सगळ्या पाठी सारख्याच दिसतात. त्या लोकांनी त्याला नाव-गाव विचारलं, भाकरी खाऊ घातली, आपल्यामध्ये ठेवलं आणि भीमकुंडापाशी आमची वाट पाहत थांबून त्याला आमच्या हवाली केलं. ती माणसं गुजरातेतली होती, त्यांची आमची त्याआधी ओळख नव्हती. यात्रेत असा माणूस आपला समजायचा हीच रीत आहे.

झोपेचं हे मी एवढं लांबवलं, कारण डोंगरावरच्या झोपेपेक्षा खालची झोप जास्त घातक आहे. वरती झोप आली तर माणूस बसतो. खाली उतरल्यावर तीच झोप घेऊन तो गाडीत चढतो, आणि कधी कधी गाडी चालवणारादेखील रात्रभर डोंगर चढून आलेला असतो. तळोदा-धडगाव रस्त्यावरचा चांदसैली घाट ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्याची वळणं माहीत आहेत. २०२५ च्या धनत्रयोदशीला याच घाटात अस्तंब्याहून परतणाऱ्या यात्रेकरूंची पिकअप दरीत कोसळली. माणसं गेली, कितीतरी जखमी झाले. तरणी पोरं होती. ज्यांनी रात्रभर चढून ऋषीला तेल वाहिलं ती घरी पोचली नाहीत. त्या दिवशी आमच्या भागातल्या घरांतही दिवे लावायला कुणाचे हात उचलेनात.

त्यानंतर गावात बैठक बसली. काही वडीलधारे म्हणाले, आता पोरांना पाठवूच नये. मी त्यांना म्हटलं, नाना, पोरं आपल्याला न सांगता जातील, आणि तेव्हा त्यांना सांभाळून नेणारा कुणी नसेल. मग आम्ही काही गोष्टी ठरवल्या आणि त्या प्रत्येकाच्या घरी, आईसमोर सांगितल्या. मालवाहू गाडीत माणसं बसवायची नाहीत, भाडं कितीही कमी असो. चालकाने डोंगर चढायचा नाही. त्याने रात्री खाली झोपायचं, त्याच्या जेवणाची सोय आणि अंथरुण-पांघरुण आम्ही करायचं, आणि त्याच्या नावाने तेल-नारळ आम्ही वर न्यायचं. उतरल्यावर कुणीही लगेच निघायचं नाही. पायथ्याला किंवा तळोद्यात तीन-चार तास झोप, मग पोटभर जेवण, मग प्रवास, तोही दिवसाउजेडी. घरी पोचायला संध्याकाळ झाली तरी चालेल.

चालकांना सुरुवातीला हे पटलं नाही. एक जण म्हणाला, "इथवर येऊन दर्शन नाही घ्यायचं का?" त्याचं म्हणणं मला मान्य आहे, त्याचीही श्रद्धा आहे. म्हणून असं ठरलं की एका वर्षी चालक असलेल्याला पुढच्या वर्षी प्रवासी म्हणून न्यायचं आणि गाडी दुसऱ्याकडे द्यायची.

तुमच्या घरातलं कुणी पहिल्यांदा अस्तंब्याला, किंवा अशाच कुठल्या डोंगरावर रात्रीचं निघालं असेल, तर बूट आणि विजेरी तपासाच. पण गाडी ठरवणाऱ्याला फोन करून आधी एवढं विचारा की चालक त्या रात्री कुठे झोपणार आहे. उत्तर नीट मिळालं नाही, तर त्या गाडीने पाठवू नका.